काकूंकडे ठेवलेली मुलं

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा निघाल्या आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत आमच्यासारख्या कितीतरी मुली काउंटरच्या पलीकडे जाऊन बसल्या. डोंबिवली, ठाणे, मुलुंडहून लोकल पकडायची, फोर्टात धावत पोचायचं, लेट मार्कच्या आत मस्टरवर सही ठोकायची. लग्नं झाली, डोहाळजेवणं झाली. तीन महिन्यांची बाळंतपणाची रजा सरत आली की घरोघरी तोच घोर लागायचा: बाळाला ठेवायचं कुठे? सासूबाई गावी, आई भावाच्या संसारात अडकलेली. कारखान्यांना पाळणाघर ठेवणं कायद्याने भाग होतं, १९४८च्या कायद्याप्रमाणे पन्नासहून जास्त बायका असतील तिथे आणि १९७६ पासून तीसहून जास्त असतील तिथे. आम्ही पडलो कचेरीतल्या. आमची पाळणाघरं कुणा ना कुणा काकूंच्या वन रूम किचनमध्ये निघाली.

दारावर पाटी नसायची. पत्ता मिळायचा लेडीज डब्यात, मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलता सोलता. “आमच्या काकूंकडे एक मुलगा यंदा शाळेत जातोय, विचारून ठेवू का?” एवढी जाहिरात पुरे. काकूही पारखून घ्यायच्या. फार रडकं नको, मान न धरलेलं नको, आई साडेसातच्या पुढे येणारी असेल तर आधी सांगा. आणि आमच्याकडून हळूच एक प्रश्न जायचा, “आपल्यातल्याच ना?” म्हणायला तो खाण्यापिण्याचा प्रश्न होता. त्यापायी किती जीव लावणाऱ्या बायकांच्या दारापर्यंतही कुणी गेलं नाही, हे मात्र आमच्या आठवणींच्या गप्पांत सहसा निघत नाही.

बाकी आमची नजर तयार होती. चहाचा कप हातात घेऊन गप्पा मारत राहायचं आणि डोळे फिरवायचे. रॉकेलचा स्टोव्ह ओट्यावर आहे की जमिनीवर? गॅलरीच्या गजांतून पोराचं डोकं जाईल का? मोरीतल्या पाण्याच्या पिंपाला झाकण आहे का? डोंबिवलीत पाणी साठवल्याशिवाय कुणाचं भागत नसे, त्यामुळे पिंप असणारच. यजमान कुठल्या पाळीला असतात, घरी आणखी कोण येतं-जातं, हेही विचारलं जायचं, अगदी सहज विचारल्यासारखं. का विचारतोय ते आम्ही बोलत नव्हतो, काकूंना ते कळत होतं.

खरी परीक्षा पुढे, बाळ ठेवल्यावर. एखाद्या दिवशी अर्धी सीएल टाकायची आणि न कळवता दुपारी साडेबाराला जाऊन उभं राहायचं. जेवणाची वेळ म्हणजे पाळणाघराचं सगळं पोट उघडं पडण्याची वेळ. भिंतीला पाठ लावून पोरं ओळीने बसलेली, पुढे परातीत मऊ वरणभात, वर तुपाची धार. काकू एकीला चिऊचा, एकाला काऊचा घास भरवतायत. चमचे वेगवेगळे आहेत की एकच सगळ्यांच्या तोंडात फिरतोय? ओलं लंगोट घालून कोणी कोपऱ्यात बसलंय का? घरात थोडा गोंगाट असला की आम्हाला बरं वाटे. भर दुपारी एवढी पोरं चिडीचूप झोपलेली दिसली की पोटात गोळा यायचा. गिरणगावात पूर्वी अफूची बाळागोळी चाटवून आया पाळीवर जात, हे आम्ही सासवांच्या तोंडून ऐकलं होतं.

चांगल्या काकू ओळखू यायच्या त्या उंबऱ्यातच. बाळ कडेवर घेण्याआधी त्यांचा हात कपाळाला लागायचा. अंग कोमट असलं तर पिशवीसुद्धा आत जायची नाही, मग आई कितीही गयावया करो. वाईट वाटायचं, राग यायचा, पण अशाच काकूंकडे पोरं निर्धास्त ठेवली. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जायचे, गाड्या ठप्प. शेजारच्यांच्या फोनवर निरोप पोचला तर पोचला. रात्री चिखलात माखलेल्या साडीने दारात पोचावं तर पोर जेवून, पावडर लावून काकूंच्याच मुलांमध्ये झोपलेलं. आम्हाला वाढीव महागाई भत्ता मिळत गेला, फरकाची रक्कम मिळाली. काकूंचे पैसे मात्र त्यांनी संकोचत मागितले तरच वाढले. युनियनच्या मोर्चात घसा फोडून ओरडणाऱ्या आम्हाला, त्या बाईला ना रजा ना बोनस, हे फारसं सुचलं नाही.

आता सुनेची रजा संपत आलीय. २०१७च्या दुरुस्तीने तिला सव्वीस आठवडे मिळाले, आमच्या दुप्पट. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असंही त्यात आहे. तिने मोबाइलवर एक डे केअर दाखवलं. रंगीत मऊ फरशी, कॅमेरे, आठवड्याचा मेनू.

“आई, तुम्ही काय बघायचात?”

“साडेबाराला जायचो. न सांगता.”

ती शनिवारी चौकशी करून आली. पालकांनी आत यायचं तर आदल्या दिवशी वेळ घ्यावी लागते, म्हणाली, मुलांची लय बिघडते म्हणून.

“मग दुसरं बघ,” मी म्हटलं.

तिने यादीतलं पुढचं नाव काढलं आणि फोन लावला.