टोनीची दोन बोटं

बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या पोराचा कामाचा शेवटचा दिवस होता. साल 1965. पोरगा गिटार वाजवायचा, बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयारच नव्हता. आई म्हणाली, सोडायचं तर नीट सोड, दिवस पुरा करून ये. (कुठलीही आई हेच म्हणते.)

त्याचं काम वेल्डिंगचं. पण त्या दिवशी प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं, म्हणून याला तिथं उभं केलं. प्रेस हातावर आली, यानं दचकून हात मागं ओढला आणि मधलं बोट व अनामिका यांची टोकं गेली. हात उजवा. पण पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

हा टोनी आयोमी. पुढं ब्लॅक सॅबथचा गिटारवादक. हेवी मेटल नावाचं संगीत ज्याच्यापासून सुरू झालं असं मानतात, तो.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याचा फोरमन मात्र घरी एक रेकॉर्ड घेऊन आला: जँगो राइनहार्टची. जँगोचा हात 1928 च्या आगीत भाजला होता, सोलो तो दोनच बोटांनी वाजवायचा. मग टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढं 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त तारा आणखी सैल करून सूर खाली आणला. ज्या जड, खोल आवाजावर जगभरची पोरं डोकी हलवतात, त्यात त्या तुटक्या बोटांचा मोठा वाटा आहे.

2025 च्या जुलैत सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यानंतर 17 दिवसांत ऑझी ऑस्बॉर्न गेला. तेव्हा ही गोष्ट पुन्हा ग्रुपवर फिरली. खाली 'जिद्द असावी तर अशी', हात जोडलेले वगैरे. माझा अंगठा लाइकवर गेला आणि थांबला.

मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला होतो. तिथं प्रेसला दोन बटणं, दोन्ही हात गुंतले तरच स्ट्रोक पडणार. पण माल कमी निघतो, म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबलेलं. सगळ्यांना माहीत. मलाही. मी पार्ट मोजत होतो, पट्टी काढली नाही. एका रात्री पाळीवरचा ऑपरेटर आला नाही, पॅकिंगच्या पोराला उभं केलं. तीन बोटं.

टोनीच्या वेळी ब्रिटनमध्ये 1961 चा कारखाना कायदा होता. यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा हवा आणि अठराच्या आतल्या पोराला शिकवल्याशिवाय अशा यंत्रावर लावायचं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आपल्याकडं 1948 सालच्या कायद्यातही हेच होतं. टोनीचा जन्मही 1948 चाच.

त्या फोरमनचा विचार मी बरेचदा करतो. रेकॉर्ड घेऊन गेला, फार मोठं मन. पण प्रेसवर त्या पोराला उभं कुणी केलं, हे कुठल्याच पोस्टमध्ये नसतं. आमच्याकडं तर रेकॉर्ड घेऊन जाणारंही कुणी नव्हतं. आम्ही वर्गणी काढली, फळं नेली. अपघाताच्या कागदावर 'कामगाराचे दुर्लक्ष' असं लिहिलं होतं. वाचून मी खाली सही केली.

तो पोरगा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. मागं यात्रेत भेटला. आता टाळ वाजवतो. पखवाजावर त्याचा पुतण्या बसतो, आणि ठेका चुकला की हा मागून तोंडानं बोल सांगतो.