निकालाची भीति

प्रत्येक वर्गांत एखादा विद्यार्थी असा असतोच, कीं जो निकालाच्या दिवशीं शाळेंत येत नाहीं. अशा मुलांची मीं पुष्कळदां कानउघाडणी केली आहे. 'निकाल पाहिला नाहीं, म्हणून गुण वाढत नाहींत,' हें माझें ठरलेलें वाक्य. गेल्या वर्षीं तें माझ्यावरच उलटलें.

माझ्या वडिलांच्या पायाला खडा टोंचून जखम झाली. पायाची संवेदना गेल्यामुळें ती त्यांस कळलीच नाहीं. अखेरीस एक बोट कापावें लागलें, आणि तेव्हां कोठें 'मधुमेह' हा शब्द आमच्या घरांत प्रथम ऐकूं आला. हें डोळ्यांनीं पाहूनहि मी स्वतःचें रक्त तपासून घेण्याचें टाळीत आलों. मी देहानें कृश, आणि हा रोग तर स्थूल माणसांचा, ही माझी सबब!

ती सबब खोटी होती. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं स्वतःचा व लंडन येथील एका सहकाऱ्याचा दाखला प्रसिद्ध केला. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु सहकाऱ्याच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! आपल्याकडील सडपातळ माणूसहि आंतून असा स्थूल असूं शकतो. मग शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीं, आणि साखर रक्तांतच साचते. आरंभीं कांहीं दुखत नाहीं, खुपत नाहीं. परंतु डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु यांची हानि मुकाट्यानें चालूं असते.

शेवटीं पत्नीनें आग्रह करून मला दवाखान्यांत नेलें. उपाशीपोटीं साखर ११४ भरली. ती शंभराच्या आंत असावी. १२६ वा त्याहून अधिक भरली व फेरतपासणींतहि तशीच निघाली, तर तो मधुमेह. मी उंबरठ्यावर उभा होतों. डॉक्टर म्हणाले, "सर, वेळेवर आलांत. येथून परत फिरतां येतें."

तेव्हांपासून मी शाळेंत पायीं येतों. चहांतील साखर सोडली, भात निम्मा केला. सहा महिन्यांनीं आंकडा १०२ वर आला. अजून उत्तीर्ण झालों नाहीं. पण अभ्यास चालूं आहे.

विद्यार्थीमित्रहो, १४ नोव्हेंबर हा तुमचा बालदिन. १९२१ सालीं टोरोंटो येथें बेस्ट यांच्यासह इन्सुलिनचा शोध लावणारे डॉ. बँटिंग यांचाहि तोच जन्मदिन. म्हणून तो जागतिक मधुमेहदिन मानितात. त्या दिवशीं घरीं आईबाबांस एवढेंच विचारा, "तुमची साखर तपासली काय?" तिशी उलटलेल्यांची ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत होते. एक थेंब रक्त द्यावें लागतें, इतकेंच.

आणि पालकहो, मुलांस निकालाला हजर राहावयास सांगणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनीं स्वतःच्या निकालाला गैरहजर राहूं नये, ही विनंति.

— एक शिक्षक