वळिवड्यापर्यंत न पोचलेली सनद

कोल्हापूरकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला माणसं गांधीनगरला जातात. मिरजेच्या रेल्वेमार्गालगतची ही कापडाची पेठ फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या कुटुंबांना निवाऱ्यासाठी ज्या बराकी मिळाल्या, त्या मात्र मुळात त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं वळिवड्याच्या माळावर पोलंडच्या सुमारे पाच हजार माणसांचं गाव नांदत होतं. त्यात बहुतांश बायका आणि मुलंच होती. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. पंचगंगेच्या काठावर पोलिश भाषेत पाढे म्हटले जात होते.

ही माणसं आली कुठून, हे कोल्हापुरात आता बऱ्यापैकी सांगितलं जातं. ती का परत जाऊ शकली नाहीत, हे फारसं कुणी सांगत नाही. खरी गोष्ट तिथे आहे. मोठी राष्ट्रं जगाला जो शब्द देतात तो कुणाकुणासाठी असतो, हे वळिवड्याच्या माळावर उभं राहिलं की फार जवळून दिसतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरने पश्चिमेकडून आणि स्टालिनने पूर्वेकडून पोलंड गिळला. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं गेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली आणि या कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारली. १९४२ मध्ये ती फौज आणि तिच्या मागोमाग हजारो बायकामुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. बायकामुलांपैकी काही जामनगरजवळच्या बालाचडीला आली, काही आफ्रिकेत गेली आणि काही कोल्हापूर संस्थानात आली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पोलंडच्या स्वातंत्र्याची हमी ब्रिटनने ३१ मार्च १९३९ रोजी दिली होती आणि त्या हमीपोटीच तो युद्धात उतरला. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. एकाही भारतीय पुढाऱ्याला विचारलं नाही. म्हणजे ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी भारताला न विचारता लढाईत ओढलं, त्याच देशाची लेकरं चार वर्षांनी वळिवड्याच्या स्टेशनात उतरली. त्यांचं स्वागत ज्यांनी केलं, ते स्वतः स्वतंत्र नव्हते.

मधल्या काळात आणखी एक कागद जगापुढे आला होता. १४ ऑगस्ट १९४१ रोजी, न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर झालेल्या भेटीनंतर, रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. कलमं आठच. संबंधित लोकांची खुली संमती नसेल तर कुठल्याही प्रदेशाच्या सीमा बदलणार नाहीत, असं दुसरं कलम म्हणत होतं. आपण कोणत्या राज्यपद्धतीखाली राहायचं हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क तिसऱ्याने मान्य केला होता; ज्यांचं स्वराज्य बळाने हिरावलं गेलं त्यांना ते परत मिळावं, असंही त्यात होतं. ‘सर्व लोक’ हे शब्द त्यात स्पष्ट होते. पुढच्याच महिन्यात लंडनच्या परिषदेत पोलंडच्या परागंदा सरकारने त्या सनदेला मान्यता दिली आणि सोव्हिएत संघानेही दिली.

भारतात ते तिसरं कलम वाचणाऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. चर्चिलनी तो अर्थ फार दिवस टिकू दिला नाही. ९ सप्टेंबर १९४१ ला त्यांनी पार्लमेंटात सांगितलं की सनद करताना आमच्या डोळ्यांपुढे नाझींच्या टाचेखालची युरोपातली राष्ट्रं होती. भारत आणि ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा आहे. सनदेला महिनाही झाला नव्हता.

गांधीजींनी १ जुलै १९४२ रोजी रूझवेल्टना पत्र लिहिलं. भारत आणि आफ्रिका शोषणाखाली आहेत, खुद्द अमेरिकेत काळ्या माणसांचा प्रश्न आहे, तोवर जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचा दोस्तांचा दावा पोकळ वाटतो, असं त्यांनी आदबीने, पण काही न लपवता कळवलं. पाच आठवड्यांनी ‘चले जाव’चा ठराव झाला आणि गांधीजी तुरुंगात गेले.

कोल्हापूरही तेव्हा पेटलं होतं. ऑक्टोबर १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोघींनी भर शहरात मुंबईचे माजी गव्हर्नर विल्सन यांच्या पुतळ्यावर हल्ला केला. पुढे तो पुतळा गेलाच आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. आजचा शिवाजी चौक तो हाच. १३ डिसेंबर १९४२ च्या रात्री गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण गोळीबारात पडले. त्यानंतरच्या वर्षातच वळिवड्याला पोलिश कुटुंबं राहायला आली. गारगोटीत रडणारी आई आणि वळिवड्यात नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी बाई यांच्यात अंतर होतं ते जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचं. दोघींनाही एकच कलम लागू व्हायला हवं होतं. कोल्हापूरच्या बाईला तर ते लागू नाही म्हणून उघड सांगितलं गेलं. पोलिश बाईला कुणी काहीच सांगितलं नाही, आणि हे अधिक क्रूर आहे असं म्हणावंसं वाटतं.

कारण वळिवड्यात संसार मांडले जात होते, त्याच सुमारास, १९४३ च्या शेवटी, तेहरानमध्ये चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन एकत्र बसले होते. चर्चिलनी काड्यापेटीतल्या तीन काड्या टेबलावर मांडून पोलंड पश्चिमेकडे कसा सरकवता येईल ते स्टालिनला दाखवलं. त्यांनी स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. रूझवेल्टनी स्टालिनला खाजगीत सांगितलं, सीमा सरकायला माझी हरकत नाही. पण अमेरिकेत साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत, निवडणूक तोंडावर आहे, तेव्हा जाहीरपणे मला यात पडता येणार नाही. सनदेच्या दुसऱ्या कलमाला अजून अडीच वर्षंही झाली नव्हती. ज्यांच्या अंगणातून ती काडी सरकली, त्यांची संमती विचारायला वळिवड्याला कुणी आलं नाही.

या सगळ्यात रक्त मात्र खरं सांडत होतं. अँडर्सच्या पोलिश सैनिकांनी १८ मे १९४४ ला इटलीतला मॉन्टे कॅसिनोचा मठ जिंकला. त्याच ब्रिटिश आठव्या सेनेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. जुलै १९४४ मध्ये तायबर नदीच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून वाहून आणलं आणि एकट्याने मशीनगनची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच ९ एप्रिलला, त्याच नदीवर, शेजारच्या आघाडीवर पोलिश कोअरनेही हल्ला चढवला होता. मराठे आणि पोल एकाच दिवशी एकच नदी ओलांडत होते. दोघांनाही सांगितलं होतं की ही लढाई स्वातंत्र्याची आहे. आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकणारी याल्टाची परिषद होऊन तोवर दोन महिने झाले होते! अँडर्सना ते कळलं होतं. आपल्या पलटणी मागे घेण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला, पण अखेर त्यांचे सैनिक लढतच राहिले.

५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्साच्या सोव्हिएतधार्जिण्या सरकारला मान्यता दिली. लंडनमधल्या ज्या पोलिश सरकारच्या भरवशावर वळिवड्याची वसाहत चालत होती, ते एका दिवसात कागदावरून गेलं. वसाहतीतल्या बहुतेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. आज ती युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. ज्या सत्तेने त्यांना सायबेरियात टाकलं होतं, तिच्याच हाती त्यांचं घर गेलं होतं.

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, माणसाला दिलेला शब्द मोडण्याच्या या प्रकाराची ओळख जुनी होती. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने संस्थानिकांचे हक्क, मान आणि प्रतिष्ठा स्वतःच्या मानाप्रमाणे जपण्याचं वचन दिलं होतं. पंचवीस वर्षांनी करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले जाऊन अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी झालेल्या झटापटीत या विशीतल्या राजाचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल आवाज उठवणाऱ्या लेखनापायी टिळक आणि आगरकर आधीच, १८८२ मध्ये, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. वचनाची आठवण करून देणं हाच गुन्हा ठरला होता.

ब्रिटनने पुढे काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा करून त्याने लाखावर पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना आपल्या देशात जागा दिली. वळिवड्यातली कित्येक कुटुंबं त्यामुळे एकत्र आली. काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेली, काही पोलंडला परतली, एखादी मुलगी कोल्हापूरकराशी लग्न करून इथेच राहिली. पण आसरा देणं वेगळं आणि शब्द पाळणं वेगळं. घर देण्याचा शब्द होता. दिलं ते छप्पर.

आणि तरीही ती सनद वाया गेली असं म्हणवत नाही. चर्चिलनी भारत वगळला म्हणून भारतीयांनी तिसरं कलम विसरून टाकलं नाही. ते त्यांच्याच तोंडावर वाचून दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने १९४३ मध्ये त्याच सनदेच्या आधारावर आपल्या मागण्या मांडल्या. पोलंडला ते कलम मिळायला १९८९ उजाडावं लागलं. गदान्स्कच्या गोदी कामगारांनी ते मिळवलं. लिहिणाऱ्यांच्या मनात जे नव्हतं, ते वाचणाऱ्यांनी त्या शब्दांतून काढलं.

वळिवड्याच्या बराकी १९४८ मध्ये रिकाम्या झाल्या आणि भरल्याही. फाळणीने सिंधमधून उखडलेली माणसं तिथे आली. ती फाळणीही ज्यांची घरं गेली, त्यांना विचारून केलेली नव्हती.

महावीर उद्यानात आज पोलिश स्मृतिस्तंभ आहे, शहरात त्यांच्या कबरी आहेत. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूर स्मारकापुढे नतमस्तक झाले, तेव्हा कोल्हापुरात अनेकांचे डोळे पाणावले. तो अभिमान खरा आहे आणि साजेसाही आहे. वसुधैव कुटुंबकम हे शब्द भारत आता जगाच्या प्रत्येक व्यासपीठावरून म्हणतो, त्यामुळे मोठ्या राष्ट्राला विचारायचा प्रश्न आता आपल्याकडेही वळतो. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी देशाचा स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आले तेव्हा त्यांना वसाहती मिळाल्या, रोहिंग्यांपैकी काहींना परत धाडलं गेलं. कुणाला काय मिळेल हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहिलं. १९४३ साली वळिवड्याला उतरलेल्या बाईला निर्वासित म्हणून निदान बराक, रेशन आणि मुलांना शाळा मिळाली. आज तशीच कुणी आली, तर सरकारदप्तरी तिची नोंद निव्वळ परदेशी व्यक्ती म्हणून होईल. निर्वासित हा रकाना आपल्या कायद्यात नाही.