घसारा आणि डेप्रिकेटेड

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे. जन्म अकाउंट्समध्ये गेलेला, त्यामुळे दुसऱ्याची चूक त्यांना लांबूनच दिसते.

"स्पेलिंग चुकलंय रे. डिप्रिशिएटेड ना? 'सी' नंतरचा 'आय' खाल्लायस."

"बाबा, तो डेप्रिकेटेड आहे. म्हणजे जुनं झालंय, यापुढे वापरू नका."

"मग तेच की. घसारा!"

मी हसलो, पण डिक्शनरी उघडलीच. तर मंडळी, दोन्ही शब्द मूळचे लॅटिन, घराणी मात्र वेगळी. डिप्रिशिएटच्या पोटात 'किंमत' आहे, डेप्रिकेटच्या पोटात 'प्रार्थना'. संकट टळावं म्हणून केलेली, आपल्या 'इडापिडा टळो'सारखी! पुढे त्याचा अर्थ नापसंती दाखवणं, निषेध करणं असा झाला. गंमत म्हणजे गोंधळ इंग्रजांचाही झालाय. 'सेल्फ-डेप्रिकेटिंग' म्हणजे स्वतःची किंमत कमी करून बोलणारा. हे काम खरं तर दुसऱ्या शब्दाचं. म्हणजे बाबा अगदीच चुकले नव्हते :)

"मग डेप्रिकेटेड झालं की बंद पडतं का?" बाबांचा पुढचा प्रश्न.

नाही ना! जावाच्या 'डेट' क्लासमधलं 'गेटइयर' घ्या. सालातून १९०० वजा करून उत्तर देतं, म्हणजे २००० सालासाठी १००. १९९७ साली आलेल्या १.१ आवृत्तीत त्याला डेप्रिकेटेड ठरवलं. आजही ते चालतं. कंपायलर फक्त कुरकुरतो.

बाबा म्हणाले, "आमच्याकडेही मशीन वह्यांमध्ये एक रुपयावर यायचं आणि शॉपमध्ये रोज चालायचं. पण घसारा वयाने लागतो. त्यात कुणाचा राग नसतो. तुझ्या शब्दाला कुणीतरी तोंडाने म्हणावं लागतं."

बाबा पेपर वाचायला गेले आणि मी तिथेच अडकलो. कारण मंगळवारी मीटिंगमध्ये एका नव्या मुलीने विचारलं, जुन्या मॉड्यूलबद्दल कुणाशी बोलू? मॉड्यूल सांभाळणारे आमचे सीनियर समोरच बसले होते. मी म्हणालो, "त्यांना नको विचारूस, ते डेप्रिकेटेड आहेत." सगळे हसले. तेही हसले. मग त्यांनी वही मिटली आणि मीटिंग संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

जावात एखादी गोष्ट डेप्रिकेटेड ठरवली की तिच्याऐवजी काय वापरायचं तेही लिहायची पद्धत आहे. मी काय लिहिलं असतं? ते मॉड्यूल रात्री अडीचला कोसळलं की आम्ही सगळे त्यांनाच फोन लावतो. मी तर दोनदा लावलाय.

असो. सोमवारी त्यांना चहाला घेऊन जाणार आहे. माफी मागायची म्हणजे अवघड वाटतंय, म्हणून आधी इथे लिहून टाकतो. आता पळवाट नको.