होस्टिंगचं कोटेशन

आमच्या शाळेच्या हरित सेनेची वेबसाइट निघणार, हे मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनात माईकवरून जाहीर करून टाकलं. हरित सेना माझ्याकडे, म्हणून वेबसाइटही माझ्याकडे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये शाळाशाळांतून हे इको क्लब सुरू केले. आमची मुलं आवारातली झाडं कधी फुलली ते लिहून ठेवतात, गांडूळखताचा खड्डा सांभाळतात, ओढ्यावरच्या पक्ष्यांची यादी करतात. हे सगळं चार लोकांना दिसावं, अशी सरांची इच्छा. इच्छा चांगलीच, पण मी भूगोल शिकवते.

“होस्टिंग घ्या, हल्ली स्वस्तात मिळतं,” असं जो तो सांगायचा. ते असतं काय, हे विचारलं की प्रत्येक जण घर आणि पत्त्याचं उदाहरण द्यायचा आणि मी आणखी गोंधळायचे. शेवटी नववीतल्या एका मुलाने नीट सांगितलं. “मॅडम, पानं कुठल्या तरी कॉम्प्युटरवर ठेवावी लागतात ना? तो रात्रंदिवस चालू पाहिजे. त्याच्यावरची जागा भाड्याने घ्यायची.” एकाच कॉम्प्युटरवर शेकडो साइट दाटीवाटीने बसवल्या की ते शेअर्ड होस्टिंग, आणि तेच सगळ्यांत स्वस्त. नाव, म्हणजे डोमेन, वेगळं घ्यायचं आणि त्याचे पैसे दरवर्षी भरायचे. ‘डॉट इन’ नावांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. २००५ पासून ती नावं कुणालाही घेता येतात, विकतात मात्र खासगी कंपन्या. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असं देवनागरी नावही मिळतं. मला त्याचा फार मोह झाला होता. पण आमच्या पालकांपैकी किती जण पत्ता देवनागरीत टाइप करतील, या प्रश्नावर स्टाफरूममध्ये सगळेच गप्प झाले.

मग किमती पाहायला बसले. एका कंपनीच्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत ‘६९ रुपये महिना’. एवढे तर मी माझ्या खिशातून देईन, असं वाटलं. पैसे भरायच्या पानावर कळलं की हा दर एकदम ४८ महिन्यांचे पैसे भरले तरच. म्हणजे ३,३१२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ३,९०८. खाली बारीक अक्षरांत नूतनीकरणाचा दर, महिना २४९. पुढच्या चार वर्षांचा हिशेब मुलांनाच फळ्यावर करायला लावला. करासकट १४,१०३ रुपये आले. शेकडेवारीचं इतकं जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. शिवाय सुरक्षा प्रमाणपत्रासमोर आधीच बरोबरची खूण केलेली आणि त्याचे पैसे वेगळे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसायला जे प्रमाणपत्र लागतं, ते ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्थेची सेवा २०१५ पासून फुकट देते. ‘अमर्याद’ जागेच्या अटी वाचल्या, तर फायलींच्या संख्येला मर्यादा होतीच.

हे सगळं घेऊन आमच्या भाऊसाहेबांकडे, म्हणजे कार्यालयातल्या लिपिकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला.

“मॅडम, तीन कोटेशनं लागतील. सही-शिक्क्यानिशी.”

“भाऊसाहेब, शिक्का मारायला तिथे माणूसच नाही. वेबसाइटवर दर लिहिलेत.”

“मग तुलनात्मक तक्ता कसा करायचा? आणि चेक कुणाच्या नावाने काढू?”

चेक कोणी घेत नव्हतं आणि शाळेच्या खात्याला कार्ड नाही. सरकारी शिस्तीला नावं ठेवायची आपल्याला सवय असते, पण या तक्त्यानेच मला वाचवलं. त्यांच्या नमुन्यात ‘वस्तूची आवश्यकता’ असा रकाना होता, आणि तिथे काय लिहावं ते मला सुचेना. आमच्या साइटवर कोणी लॉगिन करणार नाही, काही विकत घेणार नाही. महिन्यातून एकदा नवं पान आणि काही फोटो. त्यासाठी डेटाबेस वगैरेची गरजच नाही. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर टाकलं असतं, तर ते सतत अद्ययावत करावं लागलं असतं. मे महिन्यात शाळा बंद असताना ते कोण करणार? जुनं पडलेलं वर्डप्रेस म्हणजे उपद्व्यापी लोकांना आमंत्रणच. शाळेच्या क्लबने देखभाल लागणारी वस्तू घेऊच नये, भले ती फुकट असो, असं माझं मत झालंय.

साधी, तयार पानं ठेवायला ‘गिटहब पेजेस’ पैसे घेत नाही. साइट एक जीबीपर्यंत, आणि महिन्याला साधारण १०० जीबीची वाहतूक चालते. मोबाइलचा चार एमबीचा फोटो २०० केबीवर आणला, तर ५०० फोटो १०० एमबीत मावतात. ‘गूगल साइट्स’ मला जास्त सोपं वाटलं होतं, खरं सांगायचं तर. मुलांनी मात्र ‘आम्ही एचटीएमएल शिकतो’ म्हणून हट्ट धरला. त्यांच्या हट्टापुढे माझं काही चाललं नाही. मुलांचे चेहरे टाकायचे नाहीत, एवढं मी ठरवलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते. आणि पाहणाऱ्याला खंड्या दिसला की पुरे.

म्हणजे विकत घ्यायचं राहिलं फक्त नाव. तिथे एक प्रश्न होता, नोंदणी कुणाच्या नावावर? मी सहज माझा ईमेल लिहिणार होते, तर भाऊसाहेबांनी हात आडवा केला. त्यांच्या ओळखीच्या एका शाळेतले साइट करणारे सर बदलून गेले. मुदत संपल्याच्या सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, नाव सुटलं आणि भलत्यानेच उचललं. म्हणून आमच्याकडे शाळेचा ईमेल आणि मुख्याध्यापकांचा मोबाइल. ओटीपी यायचा तेव्हा सर नेमके तालुक्याला मीटिंगमध्ये असत, ही त्याची किंमत. पैसे सरांनीच यूपीआयने भरले, बिल शाळेच्या नावावर घेतलं आणि व्हाउचर करून वसूल केले.

खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, यावर भाऊसाहेब दोन चहा होईपर्यंत विचार करत होते. वीज नाही, स्टेशनरी नाही, दुरुस्ती नाही. अखेर ‘किरकोळ’मध्ये गेला. नूतनीकरणाची तारीख मात्र त्यांनी कार्यालयातल्या भिंतीवरच्या तक्त्यात चढवली, अग्निशामक सिलिंडरच्या रीफिलखाली आणि पाण्याच्या नमुन्याच्या तपासणीच्या वर.