मोजणीआधीचे शब्द

गणिताची भाषा आकड्यांपासून सुरू होत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला त्याआधी जास्त-कमी, लांब-आखूड, वर-खाली, आधी-नंतर, सारखे, अर्धे, उरले, संपले हे शब्द लागतात. वस्तूंमधली नाती मूल या शब्दांनी पकडते आणि अंक पुढे त्या नात्यांनाच चिकटतात. अमेरिकेत क्लिबानॉफ, लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गांतील शिक्षिकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. ते संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या वर्गात बाईंच्या सहज बोलण्यात गणिती शब्द अधिक येत, तिथल्या मुलांचे गणिताचे ज्ञान वर्षभरात अधिक वाढलेले दिसले. मुद्दा वेगळ्या तासाचा नव्हता, दिवसभराच्या बोलण्याचा होता.

अचलपूर आणि परतवाडा या जोडगावांत हे बोलणे एका भाषेत होत नाही. घरोघरी वऱ्हाडी, उर्दू, हिंदी आणि मेळघाटातून खाली उतरलेल्या कुटुंबांत कोरकू बोलली जाते. कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे मराठीच्या कुळाबाहेरची. इथल्या एका बालवाडीत शिकवताना प्रस्तुत लेखिकेला गणिताची पहिली अडचण मोजणीत दिसली नाही, ती सूचनेत दिसली. ‘चेंडू दोन डब्यांच्या मध्ये ठेव’ म्हटले की वऱ्हाडी घरातले मूल चेंडू हातात धरून बाईंच्या तोंडाकडे पाहत राही. ‘मधात ठेव’ म्हटले की लगेच ठेवी. ‘मागे’साठी मांगं, ‘समान’साठी बराबर, ‘अधिक’साठी ज्यादा किंवा लय हे शब्द त्याच्याजवळ पक्के असतात. अशा मुलाच्या नावापुढे ‘संकल्पना स्पष्ट नाही’ असा शेरा पडतो तेव्हा तो मुलाच्या समजेवर नसून फक्त पुस्तकी शब्दावर असतो. वर्गात मग एक रीत पडली. मूल बोलेल तो शब्द खोडायचा नाही, त्याला जोडून पुस्तकातला शब्द म्हणायचा: ‘मधात ठेवला न? हो, डब्यांच्या मध्ये.’ काही दिवसांत मुले दोन्ही शब्द बोलू लागत, घरी एक आणि वर्गात दुसरा. कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी तो दुवा मदतनीस बाईंनी जोडला. त्यांना ती भाषा येत होती, लेखिकेला नव्हती.

तुलनेच्या शब्दांना बराच वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. ‘जास्त’ आणि ‘कमी’ मोठ्या माणसाला जोडीचे शब्द वाटतात, पण मुलाकडे ते जोडीने येत नाहीत. संत्र्यांच्या दिवसांत वर्गात दोन टोपल्या ठेवल्या आणि ‘जास्त कशात?’ विचारले की बोटे बरोबर वळत. ‘कमी कशात?’ विचारले तरी अनेक बोटे त्याच भरलेल्या टोपलीकडे जात. डोनाल्डसन आणि बाल्फर यांनी १९६८ मध्ये पुठ्ठ्याच्या झाडांवर सफरचंदे टांगून स्कॉटलंडमधील मुलांना असेच प्रश्न विचारले होते आणि त्यांनाही हेच दिसले होते. लहान मुले ‘कमी’चा अर्थ ‘जास्त’ असाच घेतात, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. वर्गापुरते कारण मात्र उघड आहे. ‘अजून घे’, ‘एवढं जास्त नको’ हे मूल दिवसभर ऐकते. ‘कमी’ त्याच्या कानावर क्वचित पडतो. म्हणून तो मुद्दाम वापरावा लागतो: खिचडी वाढताना, पाणी ओतताना, रांगा लावताना.

दुसरी अडचण ‘मोठा’ या एका शब्दाची. लांब दोरी मोठी, उंच भिंत मोठी, जाड पुस्तक मोठे आणि वयाने थोरला भाऊही मोठाच. मुलाला हा शब्द पुरतो, गणिताला पुरत नाही. हा गुंता सोडवायला तान्हा पोळा फार उपयोगी पडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल आणतात. ते उंचीप्रमाणे उभे करायला सांगितले की वाद सुरू होतो, आणि शिक्षिकेला हवा असतो तो वादच. एकाचा बैल लांब पण ठेंगणा, दुसऱ्याचा उंच पण बारका. ‘कशानं मोठा?’ हा प्रश्न विचारल्याखेरीज रांग लागतच नाही. मधला बैल एकापेक्षा मोठा आणि दुसऱ्यापेक्षा लहान आहे, दोन्ही एकाच वेळी, हे पाचव्या वर्षाच्या सुमारास पटते; त्याआधी त्यावर रुसवे होतात.

स्थानिक वस्तूंतून शिकवण्याची ही वाट महाराष्ट्राला जुनी आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, पाने, खडे वापरले. अचलपुरात चिंचोके, सरकी आणि संत्र्याच्या फोडी यांनी तेच काम होते.

मोजणीबाबत पालकांचा गैरसमज सर्वत्र सारखा आहे. मूल शंभरपर्यंत म्हणते, म्हणजे त्याला शंभरपर्यंत येते असे नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची तत्त्वे मांडली: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. घोटाळा या शेवटच्या तत्त्वात होतो. पाच चिंचोके मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारले की मूल पुन्हा एकपासून मोजू लागते. त्याच्या लेखी मोजणे हेच उत्तर असते. ‘चार ताटल्या आण’ हे काम पाठांतराने होत नाही. चौथीवर थांबावे लागते. बालवाडीत मोजणीची याहून चांगली परीक्षा लेखिकेला सापडली नाही. शून्यही इथेच येते, ‘एकही उरली नाही’ या वाक्यातून.

मराठी संख्यानामे अवघड आहेत, यात शंका नाही. ‘एकोणीस’ म्हणताना मुलाला न आलेल्या विसाकडे पाहावे लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे वाचनही आले तेव्हा मोठा वाद झाला, विधानसभेतही त्यावर टोले-प्रतिटोले झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण हेच त्यामागचे कारण सांगितले होते. थट्टेच्या गदारोळात ते फारसे कोणी ऐकले नाही. बालवाडीला मात्र या वादात पडण्याचे कारण नाही. तिथे दहापर्यंतच्या संख्या हाताला लागल्या तरी पुष्कळ झाले.

अपूर्णांकांत मराठीची श्रीमंती दिसते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल बाजारात आणि स्वयंपाकघरात आयतेच ऐकते. त्यातला ‘अर्धा’ आधी येतो, पण बालवाडीच्या मुलाचा अर्धा म्हणजे कोणताही तुकडा. भाकरीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून जुळवले की ‘बराबर’ हा घरचा शब्द पुन्हा कामाला येतो.

काळाचे शब्द सर्वांत उशिरा बसतात. मराठीत काल आणि उद्या वेगळे. हिंदी-उर्दूत दोन्हींना ‘कल’, अर्थ क्रियापदावरून ठरतो. उर्दू घरातले मूल वर्गात ‘उद्या आलो होतो’ म्हणते ते यामुळे. त्यावर हसण्याऐवजी भिंतीवर वारांची पट्टी लावून रोज आजच्या वारावर चिमटा सरकवला, तर डावीकडचे झालेले आणि उजवीकडचे यायचे, हे बोटाने दाखवता येते. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून ज्यांच्या घरी ती वाचली जाते त्या मुलांसाठी पट्टी उभी लावणे सोयीचे पडले: वरचा वार आधीचा, खालचा नंतरचा.