बाकड्यावरची थंडी

इचलकरंजीत जानेवारीच्या रात्री कबड्डीचे सामने असायचे. बांबूला बांधलेले दिवे, मध्ये उडणारा धुरळा आणि कडेनं मातीतच फतकल मारून बसलेली माणसं. आजोबा मला बरोबर न्यायचे. निघताना त्यांच्या खांद्यावर घोंगडी असायची. मला वाटायचं, थंडी वाजली की ते ती अंगावर घेणार. ते मात्र घोंगडीची घडी घालून त्यावर बसायचे आणि अंगात नुसता जुना स्वेटर. "जमीन लई ओढती," एवढंच कारण सांगायचे.

जमीन ओढते म्हणजे काय, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं, आणि तेही ॲल्युमिनियमच्या बाकड्यावर बसून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे म्हणून एक गाव आहे. लोकवस्ती लाखभराची आणि तिथल्या लॅम्बो फील्ड या फुटबॉल मैदानात बसायला जागा ऐंशी हजारांवर. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हातात धरून पळायचा. मुलाच्या हट्टापायी डिसेंबरातल्या एका सामन्याला गेले. पारा उणे सतरा सेल्सिअस. मी वस्त्र अभियंता, थंडीचे कपडे बनवणं आणि तपासणं हा माझा धंदा. शीतगृहात काम करणाऱ्यांच्या पोशाखांवर मी तेव्हा काम करत होते. त्यामुळे जरा तोऱ्यातच होते. अंगावर पिसांचं लांबलचक महागडं जाकीट होतं. मध्यंतर व्हायच्या आत मांड्यांखालचा भाग बधिर झाला. पायाची बोटं जागेवर आहेत की नाहीत, हे वाकून बघावंसं वाटू लागलं. शेजारी सत्तरीची एक बाई शिकाऱ्यांचा भडक नारिंगी डगला घालून निवांत बसली होती. तिच्या बुटांखाली खोक्याचा पुठ्ठा होता. माझ्याकडे एकदा बघून तिनं त्यातला अर्धा फाडला आणि माझ्या पायांखाली सरकवला. धंद्याबद्दल मी तिला काही बोलले नाही.

त्या दिवसापासून प्रेक्षकाची थंडी हा माझा आवडता विषय आहे. कार्यालयात कुणी मागितलेला नाही, तरी.

आमच्या शास्त्रात कपड्याची ऊब 'क्लो' या एककात मोजतात. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी ते ठरवलं. एकवीस सेल्सिअसच्या, वारा नसलेल्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला जेवढ्या कपड्यात बरं वाटतं तेवढा एक क्लो. म्हणजे साधारण एक सुटाबुटातला पुरुष. स्त्री नव्हे, हे नोंदवून पुढे जाते. कपडा तपासायला आमच्याकडे आतून तापवलेला, माणसाच्या आकाराचा पुतळा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करासाठी असे तांब्याचे पुतळे बनले. त्याला पोशाख चढवायचा, थंड खोलीत उभा करायचा आणि त्याची कातडी तेहेतीस-चौतीस अंशांवर टिकवायला किती वीज लागते ते मोजायचं. कपडा स्वतः कणभरही उष्णता देत नाही, हे त्या विजेच्या बिलावरून जितकं लख्ख कळतं तितकं कुठल्या पुस्तकातून कळत नाही.

आता माणसाकडे वळू. शांत बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. भराभर चालू लागला की चौपट, पळायला लागला की दहापट. हे आकडे मांडून गणित केलं तर उणे वीस अंशांत भराभर चालणाऱ्याला दीड-दोन क्लो पुरतात. त्याच हवेत बसून राहणाऱ्याला मात्र सातेक क्लो लागतात. कपड्यातल्या अडकलेल्या हवेचा एक इंचाचा थर म्हणजे सुमारे चार क्लो, आणि ध्रुवावरचा उत्तम पोशाखही त्याच्या फार पुढे जात नाही. जास्त जाड केला तर माणसाला हात खाली सोडता येत नाहीत.

म्हणजे उणे वीसमध्ये बसून राहणाऱ्याला कायमचं उबदार ठेवील असा पोशाखच अस्तित्वात नाही. आम्ही त्याला फक्त मुदत देऊ शकतो, तासाचे तीन तास करू शकतो. गंमत अशी, की बाजारातली बहुतेक थंडीची जाकिटं गिर्यारोहक, घसरगाडीवाले, पळणारे अशा हलणाऱ्या माणसासाठी आखलेली असतात. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक, जो जागचा हलत नाही आणि वर पैसेही देतो, तो कुणाच्या खिजगणतीत नाही. या फुटबॉलचा सामना तीन तासांहून अधिक चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष हलतो तो वेळ अकरा-बारा मिनिटांचा. उरलेला वेळ जाहिराती, चर्चा, पंचांची खलबतं. खेळाडूंच्या बाकांखालून गरम हवा सोडलेली असते. प्रेक्षकाच्या बाकाखाली कालचं बर्फ.

लॅम्बो फील्डच्या थंडीची दंतकथा झाली ती ३१ डिसेंबर १९६७ ला. ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, उणे पंचवीस सेल्सिअस. मैदान गोठू नये म्हणून मातीखाली विजेच्या तारांची तापक यंत्रणा घातली होती, तिनं ऐन वेळी दगा दिला आणि जमीन दगड झाली. पंचांनी सुरुवातीला शिट्टी फुंकली ती ओठालाच चिकटली. पुढचा सामना त्यांनी तोंडानं ओरडून चालवला. मध्यंतराला वाजवायला आलेल्या महाविद्यालयीन बँडची वाद्यं गोठली आणि त्यातल्या सात जणांना इस्पितळात न्यावं लागलं. शेवटची तेरा सेकंद उरली असताना पॅकर्सच्या बार्ट स्टारनं स्वतःच घुसून गुण मिळवले आणि पॅकर्सनी २१-१७ असा सामना घेतला. पन्नास हजारांवर माणसं शेवटपर्यंत बसून होती. एका वृद्ध प्रेक्षकाचा थंडीनं मृत्यू झाला. आज गावात कुणालाही विचारा, त्याच्या घरातलं कुणीतरी त्या दिवशी तिथं हजर होतं असंच सांगेल. सगळ्यांचं खरं मानलं तर मैदान तिप्पट मोठं असायला हवं होतं.

अशा दिवशी टीव्हीवर दोन आकडे दिसतात. एक खरं तापमान, दुसरं वाऱ्यामुळे जाणवणारं. दुसऱ्याचं मूळ अंटार्क्टिकात आहे. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी तिथं प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. निष्कर्ष १९४५ साली छापून आले. नळकांडं म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे त्यांचे आकडे फारच भयानक यायचे. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं नवं सूत्र घेतलं. त्यासाठी टोरोंटोत बारा स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याची उष्णता मोजली होती. यातला 'चालवून' हा शब्द कुणी वाचत नाही. तो आकडा वाऱ्याकडे तोंड करून ताशी पाचेक किलोमीटरनं चालणाऱ्याच्या उघड्या चेहऱ्याचा आहे. बसलेल्या माणसाच्या बुडाबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आणि खरी चोरी तिथूनच होते. माझं महागडं जाकीट हरलं कारण पिसं दाबली की संपली. पिसं ऊब देतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. जाकिटाचा घोळ खाली दुमडून त्यावर साठ-पासष्ट किलो वजन ठेवलं की हवा निघून जाते, उरतात कापडाचे दोन पापुद्रे, आणि खाली ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. आजोबांच्या भाषेत, लई ओढतं. इथं वजनानं चेपली न जाणारी हवा लागते. बंद बुडबुड्यांच्या फोमची दोन-अडीच सेंटिमीटरची चटई उत्तम, पुठ्ठा चालतो, वर्तमानपत्रांची जाड घडी चालते. दख्खनी मेंढीची राठ लोकर तर यासाठीच जन्मली असावी. तलम मेरिनो बसताच लोळागोळा होते. घोंगडीचा केस कुसळासारखा ताठ, सहजी दबत नाही. अंगाला टोचते म्हणून घोंगडीला नावं ठेवणाऱ्यांनी ती बुडाखाली घेऊन पाहावी.

पायांचंही तेच. बुटाचा जाड तळ हवाच, पण काँक्रीट आणि तळ यांच्यामध्ये आणखी काहीतरी हवं, म्हणून त्या बाईचा पुठ्ठा. दोनाचे चार मोजे घालणारे फसतात, कारण बूट आवळतो, मोज्यातली हवाही जाते आणि रक्तही अडतं. बोटं आत वळवळली पाहिजेत.

दुसरी चोरी आतून होते. प्रेक्षक गाडीपासून मैदानापर्यंत सगळे कपडे चढवून, हातात सामान घेऊन, उशीर झाला म्हणून तरातरा चालतो. तेव्हा तो चौपट बल्ब असतो आणि अंगावर कपडे मात्र बसणाऱ्याचे. घाम येणारच. जागेवर बसल्यावर बल्ब मंदावतो आणि ओला कपडा त्याची उष्णता खात बसतो. हवेपेक्षा पाणी पंचवीसेक पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. सुती बनियन यात सगळ्यात दगाबाज, एकदा भिजला की अंगाला चिकटून राहतो. सोलापुरी चादरीवर माझं प्रेम आहे, पण तिनं या वाटेला जाऊ नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, आणि ते शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणून माझा शिरस्ता असा: जाकीट हातात घेऊन, थोडं कुडकुडतच मैदानापर्यंत चालायचं आणि जागेवर पोचल्यावर ते घालायचं. लोक वेड्यात काढतात. काढू देत.

विस्कॉन्सिनच्या जुन्या घरांतली मुलं मोज्यावर पावाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी चढवून बूट घालायची. आमच्या पुस्तकात यालाच बाष्परोधक थर म्हणतात आणि त्यावर लांबलचक लेख असतात. पायाचा घाम बुटाच्या अस्तरात जाऊ द्यायचा नाही, आतला पातळ मोजा ओला झाला तरी बाहेरचं अस्तर कोरडं राहतं. पावाच्या पिशवीवर नक्षी मात्र हवी, असं माझा मुलगा म्हणतो.

हातांसाठी मिळणाऱ्या गरम पुड्यांमध्ये जादू काही नाही. लोखंडाची पूड, मीठ, पाणी, कोळसा. लोखंड गंजतं आणि गंजताना तापतं. गंजायला हवा लागते. म्हणून पुडी सामना सुरू व्हायच्या वीसेक मिनिटं आधी फोडायची, घट्ट बुटात कोंबली तर ती रुसते. नुसत्या कातडीला लावायची नाही, बधिर बोटांना भाजल्याचं कळत नाही. हातमोज्यात पाचही बोटं वेगळी ठेवण्यापेक्षा एकत्र ठेवणारा मोजा चांगला. बोटासारख्या बारीक दांड्यावर थर वाढवला की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि कमाईचा बराच भाग तिथंच जातो.

डोक्यातून चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता जाते हे जे सांगतात, ते अमेरिकन लष्कराच्या एका जुन्या पुस्तिकेतून आलं. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच हिशेबात जाते. पण थंडीत शरीर हातापायांचं रक्त मागे ओढून घेतं तसं डोक्याचं ओढत नाही. टोपी घालावी, कुणाशी वाद न घालता.

बिअरबद्दल लिहिलं तर ग्रीन बेत मला कुणी दारात उभं करणार नाही. तरी लिहिते. शरीर कातडीखालच्या नळ्या आवळून मधली ऊब जपत असतं, दारू त्या नळ्या सैल करते. गालांवर ऊब जाणवते ती आतल्या तिजोरीतून काढलेली असते. शिवाय थंडीत लघवी जास्त होते आणि खांद्यापासून पायापर्यंतच्या एकसंध डगल्यात बाईमाणसानं स्वच्छतागृहात जाणं म्हणजे सगळी ऊब एकदम दान करणं. डगल्याच्या मागच्या बाजूला चेन लावायची कल्पना धंद्याला फार उशिरा सुचली. बैठकीत मी ती मांडली तेव्हा सगळे पुरुष टेबलाकडे बघत होते.

हे सगळं चेष्टेचं नाही. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर चीफ्स आणि डॉल्फिन्स यांचा सामना उणे वीस सेल्सिअसला झाला, वारा धरून उणे तेहेतीस. प्रशिक्षक अँडी रीड यांच्या मिशांवर बर्फ साचलेलं साऱ्या देशानं पाहिलं आणि हसून घेतलं. दोनेक महिन्यांनी तिथल्या एका इस्पितळानं सांगितलं, की त्या दिवसांत हिमदंशानं आलेल्या काही रुग्णांची बोटं कापावी लागली, आणि त्यांत या सामन्याचे प्रेक्षकही होते. बोट दुखायचं थांबलं की माणसाला बरं वाटतं, तीच धोक्याची वेळ. पांढरं, मेणासारखं दिसू लागलं की सामना सोडून आत जायचं आणि चोळायचं नाही, कोमट पाण्यात ठेवायचं.

लॅम्बो फील्डला मी अजून जाते. बहुतेक ठिकाणी सुट्या खुर्च्या नाहीत, सलग बाकडी, त्यावर नुसते आकडे रंगवलेले. आकडे उन्हाळ्यातल्या माणसाच्या मापाचे. डिसेंबरात प्रत्येक जण दीडपट झालेला असतो, त्यामुळे खांद्याला खांदा लावून, मेंढरांच्या कळपासारखं बसावं लागतं. माझ्या मते त्या मैदानातली सगळ्यात चांगली उष्णतारोधक व्यवस्था तीच आहे. आजोबांची घोंगडी मी गेल्या भेटीत इकडे आणली. चार घड्या केल्या की दोघांना पुरते. कसरीची भोकं आहेत, ती मी रफू केलेली नाहीत.

मागच्या हिवाळ्यात बाकड्यावरूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ती जागी होती. मी तिला घोंगडी दाखवली, गोठलेल्या पापण्या दाखवल्या, ओरडणारी ऐंशी हजार माणसं दाखवली. तिनं शालीतून हात बाहेर काढून फोन जवळ धरला आणि बराच वेळ बघितलं.

"टीव्हीवर दाखवत नाहीत काय गं हे?"

"दाखवतात की."